गावरान अंड्यात जनुकांचं काम कसं पाहावं

पाठीचा कणा, पंख, पाय आणि बोटं कुठे नि किती फुटायची हे ठरवणारी जनुकं कोंबडी, उंदीर, साप आणि माणूस यांच्यात जवळपास तीच आहेत. फरक पडतो तो कोणतं जनुक अंगाच्या कोणत्या भागात, केव्हा आणि किती वेळ चालू राहतं यामुळे. जनुकं डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांनी आखलेल्या सीमा दिसतात. त्यासाठी स्टिरिओ मायक्रोस्कोप, उबवणी पेटी आणि डझनभर फलित अंडी पुरे होतात.

फलित हा शब्द महत्त्वाचा. नागपुरात गोकुळपेठ किंवा महालातल्या दुकानातली पांढरी अंडी पोल्ट्रीची असतात. तिथे कोंबडा नसतो, त्यामुळे ती कितीही उबवली तरी काही होत नाही. तपकिरी कवच म्हणजे गावरान असंही नव्हे. हिंगणा, कळमेश्वरकडच्या खेड्यांत जिथे कळपात कोंबडा मोकळा फिरतो, तिथून अंडी घ्यावीत किंवा हॅचरीतून मागवावीत. ती धुवू नका.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. अंडं साधारण २५ अंशांच्या वर गेलं की आतलं भ्रूण सावकाश वाढायला लागतं. नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सर्वांत तापट नऊ दिवसांत, पारा ४५ च्या पुढे असताना अंडं पिशवीतून घरी येईपर्यंतच बिघडतं: थोडं वाढतं, मग वेडंवाकडं होतं किंवा मरतं. घरातला फ्रीज हा उपाय नाही, ४ अंशांत जगण्याचं प्रमाण घसरतं. १३ ते १६ अंशांत ठेवून सात दिवसांच्या आत वापरावं. थंडीच्या रात्रीतून आणलेलं गार अंडं थेट पेटीत घातलं, तर कवचावर दव धरतं आणि छिद्रांतून जंतू आत जातात. आधी काही तास खोलीत राहू द्या.

पेटीत पंखा असेल तर तापमान ३७.५ अंश, पंखा नसेल तर अंड्याच्या माथ्याशी ३८.५ च्या आसपास. आर्द्रता ५० ते ६० टक्के. नागपूरच्या कोरड्या हवेत पाण्याची वाटी रोज भरावी लागते. थर्मामीटर एकावर भागत नाही, दोन ठेवा. चाळीसच्या वर काही तास गेले की भ्रूण विद्रूप होतात, आणि मग तुम्ही जनुकांचा नव्हे, उष्णतेचा परिणाम पाहत बसता.

अंडी आडवी ठेवून वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करा. भ्रूण बलकाच्या वरच्या बाजूलाच तरंगतो, म्हणून खूण म्हणजे त्याचा पत्ता. ४८ तासांनी १८ गेजच्या सुईने बोथट टोकाकडून ३ ते ४ मिलि पातळ पांढरा भाग काढून घ्या आणि भोक टेपने बंद करा. ही पायरी वगळली तर भ्रूण कवचाच्या पडद्यालाच चिकटलेला असतो आणि कात्रीखाली फाटतो. मग वर पारदर्शक टेप लावून बाकदार कात्रीने दोन सेंटिमीटरची खिडकी कापा. टेपमुळे कवचाचे तुकडे आत पडत नाहीत.

फिकट भ्रूण पिवळ्या बलकावर दिसत नाही. मधोमध भोक असलेला फिल्टर पेपरचा गोल त्यावर अलगद ठेवा, कडेने कापा आणि पेपरसकट उचलून कोमट मिठाच्या पाण्यात, लिटरला ७.२ ग्रॅम मीठ, ठेवा. दवाखान्यातलं ०.९ टक्क्याचं सलाइन कोंबडीच्या भ्रूणासाठी जरा खारट पडतं. पाच मिनिटांच्या निरीक्षणाला चालतं, जास्त वेळ नाही.

आता मुख्य गोष्ट. कण्याच्या दोन्ही बाजूंना माळेतल्या मण्यांसारखे ठोकळे दिसतील. हे सोमाइट, यांच्यापासून मणके, बरगड्या आणि पाठीचे स्नायू होतात. कोंबडीत साधारण दर ९० मिनिटांना एक नवी जोडी तयार होते. शेपटीकडच्या पेशींत काही जनुकं ठरावीक तालात चालू-बंद होतात आणि प्रत्येक फेरीत एक जोडी सुटी होते. सापात हा ताल वाढीच्या एकूण वेगाच्या मानाने फार जलद असतो. मक्याच्या सापात तीनशेहून अधिक सोमाइट होतात, कोंबडीत पंचावन्नच्या आसपास. ४८ तासांनी साधारण २० जोड्या दिसाव्यात, पण वहीत तास लिहू नका, जोड्या लिहा. अंडी सारख्या वेगाने वाढत नाहीत. १९५१ मध्ये हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन या शास्त्रज्ञांनी केलेली कोंबडीच्या भ्रूणवाढीची ४६ टप्प्यांची सारणी आजही वापरतात ती याचमुळे.

७२ तासांचं अंडं उघडा. धडाच्या दोन्ही बाजूंना पंखांचे नि पायांचे कोंब आलेले असतात. पंखाचा कोंब १५ ते २० व्या सोमाइटसमोर, पायाचा २६ ते ३२ व्या. उंदरात पुढच्या पायाचा कोंब आठव्याच्या आसपासच सुरू होतो. कोंबडीच्या मानेत १४ मणके, उंदराच्या नि माणसाच्या मानेत ७, हे गणित इथेच उलगडतं. मान कुठे संपते ती सीमा हॉक्स जनुकं आखतात. कोंबडी असो वा उंदीर, त्यांतलं हॉक्स-सी-६ हे जनुक जिथून चालू होतं तो पुढचा काठ मान नि छातीच्या सांध्यावरच पडतो. सांधा सरकला की काठही सरकतो. मोजताना एक अडचण: डोक्याकडचे पहिले सोमाइट तोवर विरायला लागलेले असतात, त्यामुळे एक-दोनची चूक धरून चला.

कोंबाच्या टोकावर बारीक कंगोरा दिसेल. तो एफजीएफ ही वाढीचा इशारा देणारी प्रथिनं सोडून कोंब लांबवत राहतो. लवकर काढला तर पंख खांद्याजवळच आखूड राहतो. मागच्या काठावर सोनिक हेजहॉग हे जनुक चालू असतं. तिथला तुकडा पुढच्या काठावर बसवला, तर बोटं आरशातल्यासारखी दुप्पट होतात. हे जनुक हातापायांत चालू करणारा स्विच, म्हणजे डीएनएचा एक तुकडा, त्याच्यापासून डीएनएची सुमारे दहा लाख अक्षरं दूर आहे. माणसात तो बिघडला की जादा बोट येऊ शकतं. सापांत तो झिजलेला आहे; सापाचा स्विच उंदरात बसवला तेव्हा उंदराचे पाय खुंटले. जनुक मात्र सापातही शाबूत, कारण मेंदू नि कण्याला ते लागतंच.

बोटं पाहायची तर काही अंडी दहा दिवस ठेवा, दिवसातून तीनदा फिरवा. त्यापुढे नेऊ नका, आणि महाविद्यालयात करत असाल तर प्राणी नैतिकता समितीची परवानगी आधी घ्या. आठव्या दिवसापासून पायाच्या बोटांमधला पडदा विरताना दिसतो. तिथे बीएमपी प्रथिनं पेशींना मरायला लावतात. बदकाच्या पायात ग्रेमलिन हे दुसरं प्रथिन त्यांना अडवतं म्हणून पडदा टिकतो. बदकाची अंडी मिळाली तर दोन-तीन दिवस उशिरा उघडा, त्यांची उबवण २८ दिवसांची असते.

कूर्चा रंगवायची पद्धत सोपी: बर्फात थंड करून हृदय थांबल्याची खात्री करा. मग भ्रूण रात्रभर ५ टक्के ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्लात, दुसऱ्या रात्री ०.१ टक्के अल्शियन ब्लूत ठेवा. हा रंग ७० टक्के अल्कोहोल नि १ टक्का हायड्रोक्लोरिक आम्लात करतात. रंगाविना त्याच द्रावणात धुवा, जोवर मांस फिकट होत नाही. मग शुद्ध अल्कोहोलमध्ये पाणी पूर्ण काढा आणि मिथाइल सॅलिसिलेटमध्ये टाका, त्यात मांस पारदर्शक होतं. धूसरपणा राहिला तर पाणी राहिलंय, पुन्हा अल्कोहोलमध्ये न्या. पंखात तीन, पायात चार निळी बोटं मोजता येतात. भांडं काचेचंच घ्या: मिथाइल सॅलिसिलेट प्लॅस्टिकची पेट्री डिश विरघळवतं आणि नमुना तिच्यातच चिकटून बसतो.