आघात सोसलेल्या माणसाशी बोलताना: चेहऱ्यावर सोडू नका, शब्दांत सांगा

मोठा अपघात, भूकंप, बॉम्बस्फोट किंवा अत्याचार यांतून वाचलेल्या काही जणांना पुढे आघातोत्तर तणाव विकार, म्हणजेच पीटीएसडी, जडतो. दचकून उठणे, वाईट स्वप्ने पडणे, घटनेच्या जागी जाणे टाळणे ही लक्षणे घरच्यांच्या लवकर लक्षात येतात. समोरच्याच्या मनात काय चालले आहे याचा अंदाजही या विकारात चुकू शकतो, हे मात्र त्यांना सहसा कोणी सांगत नाही. ‘याला आमची पर्वाच राहिली नाही’ किंवा ‘ही उगाच संशय घेते’ या तक्रारींचे मूळ अनेकदा तिथेच असते.

मेंदूतील अमिग्डाला हा बदामाएवढा भाग धोका हेरतो आणि कपाळामागचा भाग त्याला आवर घालतो. पीटीएसडीमध्ये पहिला गरजेपेक्षा अधिक सावध राहतो व दुसऱ्याचा लगाम सैल पडतो. त्यामुळे नुसता गंभीर चेहराही रागावलेला भासतो आणि त्यामागे दुसरे काही कारण असेल का, हे पडताळण्याइतकी उसंत मनाला मिळत नाही. त्यातच भावना बधिर झालेल्या असतात, आणि ज्याला स्वतःला काय वाटते हेच सांगता येत नाही त्याला दुसऱ्याचे दुःख ओळखणेही जड जाते. प्रत्येक रुग्णात हे सारख्या प्रमाणात आढळत नाही. शिवाय ही क्षमता नाहीशी होते असेही नाही, ती धोक्याच्या बाजूला झुकते: घरात मारहाण सोसलेल्या मुलांना चेहऱ्यावरचा राग इतर मुलांपेक्षा लवकर, अस्पष्ट चित्रातही ओळखता येतो, असे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले होते.

म्हणून घरच्यांनी पहिली सवय लावून घ्यावी ती मनातले उघड सांगण्याची. समजा, पत्नी संध्याकाळी कामावरून आली, पर्स ठेवून न बोलता ओट्याशी गेली आणि भांड्यांचा आवाज झाला. पीटीएसडी असलेला नवरा विचारतो, “माझ्यावर चिडलीस का?” यावर आपल्याकडचे ठरलेले उत्तर म्हणजे “काही नाही.” एरवी ते खपून जाते, पण इथे त्या दोन शब्दांमागची रिकामी जागा तो स्वतःच्या भीतीने भरतो. त्याऐवजी “तुझ्यावर चिडले नाही. लोकलमध्ये उभी राहून आले, पाय दुखताहेत. चहा झाला की बसते तुझ्याजवळ,” असे म्हटले की भावना, तिचे कारण आणि पुढे काय होणार, या तिन्ही गोष्टी त्याला कळतात. ‘घरी ये, बोलायचे आहे’ एवढाच संदेश पाठवण्यापेक्षा विषयही लिहावा. पाठीमागून येऊन एकदम हात लावू नये, आणि झोप न झालेल्या दिवशी नाजूक विषय काढू नये.

बधिरपणाच्या बाबतीत घरचे फार दुखावतात. मुलगी नापास होऊन रडते आहे आणि बाप शून्य नजरेने बसून आहे, हे दृश्य पाहून त्याला प्रेम नाही असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल. “तिला तू जवळ घ्यायला हवा आहेस,” असे स्पष्ट सांगावे. काय करायचे ते कळले की पुष्कळ जण ते करतात.

रुग्णाने स्वतः शांत वेळी एक सराव करावा: मी प्रत्यक्षात काय पाहिले, त्यावरून काय मानले आणि त्याचा दुसरा अर्थ काय निघू शकतो, हे वेगवेगळे लिहावे आणि मग त्या व्यक्तीलाच विचारावे. राग अनावर झालेला असताना हा सराव जमत नाही. तेव्हा थोडा वेळ दुसऱ्या खोलीत जाणेच बरे, मात्र जाताना “मी परत येतो” हे सांगावे.

अशी समजूत दाखवणे म्हणजे मारहाण सहन करणे नव्हे. घरात कोणाला धोका वाटत असेल, तर आधी सुरक्षित ठिकाणी जावे.

लक्षणे महिन्याहून अधिक टिकली तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. आघातावर केंद्रित बोधात्मक वर्तन उपचार (त्रासदायक विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी पद्धत) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्याने आघाताच्या आठवणींवर काम करणारी पद्धत) यांचा चांगला उपयोग होतो. कोणाकडे जावे हे कळत नसल्यास सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. भेटीला जाताना झोपेच्या तक्रारीबरोबरच गैरसमजाचे अलीकडचे दोन-तीन प्रसंगही, कोण काय म्हणाले आणि त्याचा काय अर्थ घेतला गेला यासह, कागदावर लिहून न्यावेत, कारण डॉक्टरांनी विचारल्याशिवाय हा विषय बहुतेक घरांतून निघतच नाही.