बॉडीचे फोटो: टाकायचे कसे, त्यावर बोलायचं कसं आणि ऐकून घ्यायचं कसं

मागच्या दिवाळीच्या आसपासची गोष्ट. आमच्या जिमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुण्यातल्या धनकवडीच्या एका पोराने फोटो टाकला, वय 21-22 असेल, दीड वर्ष मरमर व्यायाम केलेला, बाथरूमच्या आरशात ट्यूबलाइटखाली काढलेला कमरेपर्यंतचा फोटो आणि खाली एवढंच, "कसं वाटतंय सांगा". दहा मिनिटात सात-आठ जणांनी "कडक भावा", "वाघ", आगीचे इमोजी वगैरे टाकले, आणि मी लिहिलं, "पाय घरी विसरलास काय रे?" सगळे हसले. तो पण एक हसरा इमोजी टाकून गप्प झाला आणि पुढे चार महिने त्याने एकही फोटो टाकला नाही. नंतर कळलं की त्याच्या गुडघ्याचं लिगामेंट दुखावलेलं, फिजिओ चालू होती, डॉक्टरांनी स्क्वॉट बंद केलेले. मी विचारलंच नव्हतं. हे अजून टोचतं मला, आणि तेव्हापासून कुणाच्याही फोटोवर काही लिहायच्या आधी मी जे करतो ते सगळं इथे सांगतोय.

आधी फोटो टाकणाऱ्यांचं बघू, कारण बरीचशी चुकीची टीका फोटोच चुकीचा असल्यामुळे येते. फोनची मेन लेन्स वाइड असते, त्यामुळे जवळून काढलं की कॅमेऱ्याजवळ जे असेल ते मोठं दिसतं आणि लांबचं बारीक. हात लांब करून सेल्फी काढला की छाती-खांदे भरलेले आणि कंबर एवढीशी. उलट आपल्याकडे सगळे जण फोन खाली जमिनीवर डंबेलला टेकवून ठेवतात आणि टायमर लावतात, त्यात मांड्या भल्यामोठ्या आणि खांदे अरुंद दिसतात, मग कोणीतरी सांगतं "खांदे कमी पडतायत" आणि पोरगं सहा महिने खांदेच मारत बसतं ज्याची गरजच नव्हती. म्हणून फोन बेंबीच्या उंचीला ठेवा, स्टूलवर पुस्तकं रचून ठेवला तरी चालेल, आणि 8 ते 10 फूट मागे जा, पाहिजे तर 2एक्स झूम करा. टायमर 10 सेकंदाचा. किंवा सरळ व्हिडिओ लावून पोझ मारा आणि त्यातून स्क्रीनशॉट घ्या, मला हेच जास्त सोपं जातं.

लाइटचं पण तसंच. समोरून फ्लॅश मारला की सगळे कट, म्हणजे मसलमधल्या रेषा, सपाट होतात, आणि डोक्यावर एकच फोकस असेल तर छातीखाली आणि ॲब्जमध्ये सावल्या पडून आहे त्यापेक्षा जास्त कट दिसतात. लाइक्स पाहिजे असतील तर तो फोकस वापरा, काही हरकत नाही, पण खरं काय ते कळायला पाहिजे असेल तर खिडकीतून येणाऱ्या उजेडात, सकाळी उपाशीपोटी, पम्प (व्यायामानंतर मसल फुगतात तो) नसताना काढा. आणि दर वेळी तीच जागा, तीच वेळ, तीच शॉर्ट्स. शॉर्ट्स आखूड, मांडी दिसली पाहिजे.

एका फोटोवर कोणीच काही सांगू शकत नाही. निदान चार बाजूंनी रिलॅक्स उभं राहून चार फोटो पाहिजेत, पुढून, दोन्ही साइडनी आणि मागून, स्टेजवर क्वार्टर टर्न करतात तसे. पाठीचा फोटो कोणी टाकत नाही आणि खरी पोल तिथेच खुलते. बॉडीबिल्डिंगलाच उतरायचं असेल तर सातही कम्पल्सरी पोझ टाका: फ्रंट डबल बायसेप्स, फ्रंट लॅट स्प्रेड (लॅट म्हणजे काखेखालून कमरेकडे जाणारा पाठीचा रुंद मसल), साइड चेस्ट, बॅक डबल बायसेप्स, बॅक लॅट स्प्रेड, साइड ट्रायसेप्स, ॲब्ज अँड थाय.

आणि खाली "कसं वाटतंय" लिहू नका प्लीज, त्याला उत्तर "कडक" हेच येणार. असं काहीतरी लिहा: "उंची 5 फूट 7, वजन 71, तीन वर्षं व्यायाम, आत्ता कटिंगचा सहावा आठवडा, उजवा गुडघा दुखावलाय म्हणून पाय हलके मारतोय, 70 किलो गटात जिल्ह्याला उतरायचंय, पाठ आणि पोझिंगबद्दल सांगा." (कटिंग म्हणजे चरबी उतरवायचा काळ.) एवढं लिहिलं की माझ्यासारखा कोणी पायांवरून बोलणार नाही आणि बोलला तर ग्रुपच त्याला गप्प करेल.

आता बोलणाऱ्यांचं.

फोटो बघितला की पहिल्यांदा विचारायचं, हा कशासाठी तयारी करतोय. मेन्स फिजिक ह्या स्पर्धेच्या कॅटेगरीतला माणूस मांडी झाकणाऱ्या बोर्ड शॉर्ट्स घालून उभा राहतो, तिथे डबल बायसेप्स मारायचंच नसतं, खांदे, कंबर, एकूण व्ही शेप आणि उभं राहणं बघतात, मग त्याला "मांडीत कट नाहीत" सांगून काय उपयोग? क्लासिक फिजिक ह्या कॅटेगरीला उंचीप्रमाणे वजनाची मर्यादा असते, त्याला "अजून मास चढव" म्हणणं म्हणजे त्याला गटाबाहेर काढणं. आणि निम्म्या लोकांना स्पर्धाच करायची नसते, लग्न आहे, किंवा 40 व्या वर्षी शुगर निघाली म्हणून जिम लावलीय, त्यांना जजच्या नजरेने बघायचा आपल्याला काही अधिकार नाही.

मग मी एक गोष्ट करतो, जे जे दिसलं ते मनात क्रमाने लावतो की काय किती दिवसात बदलता येईल. फोटो आज बदलतो. पोझिंग दोन-तीन आठवड्यात. फॅट दोन-तीन महिन्यात. मसल वर्षात, आणि जुना व्यायामवाला असेल तर त्याहून हळू. हाड कधीच नाही. सांगताना पण ह्याच क्रमाने सांगायचं, लवकर बदलणारं आधी, आणि कधीच न बदलणारं सांगायचंच नाही. कॉलरबोनची रुंदी, कमरेचं हाड, बायसेपला पीक येतो का नाही, ॲब्ज समोरासमोर आहेत का वरखाली, पोटरीचा मसल कुठून सुरू होतो, हे आईबापाकडून आलेलं असतं. "तुझे ॲब्ज वाकडे आहेत" हे सांगून त्याने उद्या जिममध्ये जाऊन नेमकं काय करायचं? ज्यावर त्याला उद्या काही करता येणार नाही ते आपल्याजवळच ठेवायचं.

पोझिंगबद्दल मी सगळ्यात जास्त बोलतो कारण तिथे फुकट मिळण्यासारखं खूप असतं. माझंच सांगतो. शुक्रवार पेठेतल्या एका तालमीत मी काही वर्षं जायचो, तिथले वस्ताद सत्तरीचे, त्यांना मी मोबाइलवर माझा बॅक लॅट स्प्रेडचा फोटो दाखवला आणि म्हणलं पाठ वाढतच नाहीये. त्यांनी फोटो बघितला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "पाठ आहे रे, तूच झाकतोयस." मला उभं केलं. अंगठे कमरेवर टेकवायला लावले, मग माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून खांदे खाली दाबले, कारण मी जोर लावताना खांदे कानापर्यंत उचलत होतो आणि सगळा ट्रॅप (मान आणि खांद्यामधला मसल) वर येऊन लॅट आत जात होता. मग म्हणाले कोपरं पुढे घे, हळूहळू, छत्री उघडतात तशी. एक पाय मागे, टाच उचललेली, पोटरी टाइट. त्याच दिवशी, त्याच भिंतीसमोर दुसरा फोटो काढला आणि दोन्ही शेजारी ठेवले तर वाटेना की एकाच माणसाचे आहेत. वर्षभर मी पुलअप्सला शिव्या देत होतो.

म्हणून बॅक लॅट स्प्रेडमध्ये पाठ कमी दिसली तर आधी खांदे बघा वर गेलेत का. फ्रंट डबल बायसेप्समध्ये हात बारीक दिसला तर कोपर खांद्याच्या रेषेच्या खाली पडलंय का ते बघा, आणि पाय ढिले सोडलेत का, सगळे वरच जोर लावतात आणि खाली मांडी झोपलेली असते. ॲब्ज अँड थायमध्ये पोट दिसत नसेल तर श्वास पूर्ण सोडलाय का विचारा. साइड चेस्टला छाती सपाट दिसली तर तो श्वास सोडून उभा असतो बऱ्याचदा, तिथे उलट छाती भरून घ्यायची असते.

सांगायचं कसं त्याची दोन-तीन उदाहरणं देतो. "पाठ नाहीये" च्या ऐवजी "मागून बघताना वरची पाठ चांगली भरलीय पण लॅट कमरेपर्यंत येत नाहीत, रोइंग किती मारतोस, कोपर कुठपर्यंत आणतोस?" "फॅट आहे अजून" च्या ऐवजी "पुढून कट आलेत, पण लोअर बॅक आणि हॅम्स्ट्रिंग (मांडीचा मागचा भाग) अजून झाकलेत, स्पर्धेला किती आठवडे राहिलेत?" कारण तीन आठवडे राहिले असतील तर सल्ला वेगळा आणि बारा राहिले असतील तर वेगळा, आणि तीन आठवड्यात सहा किलो उतरव असं सांगून एखाद्याला उपाशी आणि पाण्यावाचून मारायला नको. चांगलं दिसलं ते पण नीट नाव घेऊन सांगा, "रिअर डेल्ट (खांद्याचा मागचा भाग) मागच्या वेळेपेक्षा सुटा दिसतोय" हे वाचून त्याला कळतं की आपण जे करतोय ते लागू पडतंय आणि ते बंद करायचं नाही. आणि "साइज वाढव" हे वाक्य काही दिवस बंद ठेवून बघा. अमेरिकन बॉडीबिल्डर फ्रँक झेनने 1977, 78 आणि 79 असं तीनदा मिस्टर ऑलिंपिया ही बॉडीबिल्डिंगची सगळ्यात मोठी स्पर्धा जिंकली ते साधारण 84-85 किलोवर, प्रमाण आणि पोझिंगच्या जोरावर.

पोरींच्या फोटोवर तर फार जपून. जेवढं विचारलंय तेवढंच, आणि "ताई" किंवा "मॅडम" जे तुम्ही समोर म्हणाल तेच. आमच्या ओळखीतल्या एकीने वेलनेसच्या तयारीचा फोटो टाकला तर एक जण सांगत होता मांड्या जाड दिसतायत, कार्डिओ वाढवा. अरे, वेलनेस कॅटेगरीत मांड्या आणि ग्लूट्स (नितंब) वरच्या अंगापेक्षा भरलेले असणं हेच तर मागतात, 2021 पासून ऑलिंपियात पण ही कॅटेगरी आहे. तिने दोन वर्षं घालून जे कमावलं तेच घालवायला सांगितलं ह्याने. माहिती नसेल तर गप्प बसलं तरी चालतं.

18 च्या आतलं पोरगं असेल तर शरीरावर काहीच बोलायचं नाही, फॉर्म शिक, नीट जेव, झोप, एवढंच. निप्पलखाली सूज किंवा गाठ दिसली तर ग्रुपवर त्यावरून चेष्टा कधीच नाही. वयात येताना खूप मुलांना तसं होतं आणि बहुतेकांचं आपोआप जातं, नाही गेलं किंवा मोठ्या वयात आलं तर डॉक्टरला दाखवायचं असतं. वैयक्तिक मेसेजमध्ये एका ओळीत सांगा. आणि कोणाची बॉडी चांगली दिसली की "काय कोर्स मारलास", म्हणजे कुठलं स्टेरॉइड घेतलंस, हे विचारणं बंद करा. पुरावा नसताना केलेला आरोप आहे तो, आणि शेजारी वाचणाऱ्या 19 वर्षाच्या पोराला त्यातून कळतं की कोर्सशिवाय होतच नाही.

आता ऐकून घेणाऱ्यांचं, आणि हे जास्त अवघड आहे, कारण दोन-तीन वर्षं पहाटे पाचला उठून जे केलं त्याच्यावर कोणीतरी बसमध्ये बसून अंगठ्याने दोन शब्द टाइप करतं.

फोटो टाकला की फोन ठेवून द्या. रात्री उत्तरं देऊ नका, सकाळी वाचा. वाचताना एक कागद घ्या आणि कोणी काय म्हणलं ते लिहा, एकाच माणसाने म्हणलेलं सोडून द्या, पण एकमेकांना न विचारता तिघांनी मांडीचा मागचा भाग कमी म्हणलं असेल तर तो कमीच आहे, कितीही वाईट वाटलं तरी. सांगणारा कोण ते पण बघा, स्वतः स्टेजवर गेलेला किंवा दहा-वीस जणांना तयार केलेला माणूस असेल तर त्याचं एक वाक्य बाकीच्या पन्नासांपेक्षा जास्त धरायचं. कारणं देत बसू नका, "लाइट खराब होता", "त्या दिवशी झोप नव्हती", ते खरं असलं तरी सांगणारा पुढच्या वेळी सांगायचं बंद करतो. त्याच्याऐवजी उलटा प्रश्न विचारा: "दादा, म्हणजे रोमानियन डेडलिफ्ट वाढवू का लेग कर्ल?" ज्याला खरंच कळतं तो उत्तर देईल आणि ज्याने नुसती पिंक टाकली होती तो गायब होईल. आर्नोल्ड श्वार्झनेगरच्या पोटऱ्या सुरुवातीला बारीक होत्या तर त्याने ट्रॅकपँट गुडघ्यापासून कापून टाकली, जिममध्ये सगळ्यांना दिसू दे आणि मला पण रोज दिसू दे म्हणून. आपल्याला कापायची गरज नाही पण पायाचा फोटो तरी टाकू.

फोटो टाकल्यावर दोन दिवसात मेसेज येतील, "भाऊ सहा आठवड्यात रिझल्ट, ओरिजनल माल". त्यांना फीडबॅक समजू नका, ब्लॉक करा.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. फोटो काढून दिवसातून दहा वेळा झूम करून बघणं, चांगली बॉडी असून बारीकच वाटणं, शर्ट काढायची लाज वाटून पोहायला न जाणं, जिम चुकेल म्हणून बहिणीच्या साखरपुड्याला न जाणं, हे चालू झालं असेल तर त्या माणसाला पाठीबद्दल सल्ला द्यायचा नसतो. ह्याला मसल डिसमॉर्फिया म्हणतात, हा खरा आजार आहे आणि त्यावर उपचार असतात. फोटो टाकणं थांबवा, घरच्या कोणाशी बोला, टेलिमानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. ग्रुपमध्ये दुसऱ्या कोणाचं असं दिसलं तर त्याच्या फोटोवर कमेंट न करता त्याला चहाला बोलवा.

बाकी फोटो दर आठवड्याला टाकू नका, काही दिसणार नाही. कटिंग चालू असेल तर चार आठवड्यांनी, वजन वाढवत असाल तर आठ ते बारा आठवड्यांनी, जुना आणि नवा शेजारी शेजारी, आणि ज्यांनी मागच्या वेळी नीट वेळ काढून सांगितलं होतं त्यांना आठवणीने पाठवा.

धनकवडीच्या त्या पोराला मी फोन करून सॉरी म्हणलं होतं. गेल्या महिन्यात त्याने मला एकट्याला फोटो पाठवले, चार बाजूंनी, खिडकीच्या उजेडात, खाली उंची-वजन-गुडघा सगळं लिहिलेलं. मी लिहिलं, "डावी मांडी उजवीपेक्षा बारीक दिसतेय, गुडघा डावाच ना? फिजिओला विचारून एका पायाचं लेग प्रेस चालू करता येईल का बघ. बॅक लॅट स्प्रेडला खांदे खाली. पाठ फार सुंदर झालीय." त्याचं उत्तर आलं, "खांदे खाली म्हणजे कसे, रविवारी दाखवता का दादा?"