एका डोळ्यासमोर अचानक अंधार आला तर काय करावे

गोव्यात डिचोलीला राहणाऱ्या माझ्या काकांना एका सकाळी पेपर वाचताना उजव्या डोळ्यावर वरून पडदा ओढल्यासारखे झाले आणि पाच-सात मिनिटांत पुन्हा सगळे स्वच्छ दिसू लागले. काही दुखले नव्हते. पित्त झाले असेल, चतुर्थी आटोपली की चष्म्याचा नंबर तपासून घेऊ, असे घरात ठरले; आणि चतुर्थी येण्याआधीच त्यांचा डावा हात लुळा पडला. उजव्या डोळ्याला आणि मेंदूच्या उजव्या भागाच्या बऱ्याच मोठ्या हिश्शाला रक्त नेणारी मानेतील धमनी एकच असते, आणि मेंदूचा उजवा भाग शरीराची डावी बाजू चालवतो, हे आम्हाला त्यानंतर समजले.

डोळ्याच्या आतील पडद्याला, म्हणजे दृष्टिपटलाला, रक्त पुरवणारी धमनी ही मानेतील कॅरोटिड धमनीच्याच एका शाखेची उपशाखा आहे. मानेत साचलेल्या चरबीच्या थराचा कण सुटला, किंवा हृदयाचे ठोके अनियमित असल्यामुळे अथवा झडप खराब असल्यामुळे हृदयात तयार झालेली गुठळी रक्ताबरोबर वर गेली, तर ती या बारीक धमनीत अडकते. अडथळा डोळ्यात असला तरी आजाराचे मूळ बहुतेक वेळा मानेत किंवा हृदयात असते. म्हणूनच अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि अमेरिकन स्ट्रोक असोसिएशन यांनी २०१३ मध्ये स्ट्रोकची, म्हणजे पक्षाघाताची, व्याख्या नव्याने मांडताना मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याबरोबर दृष्टिपटलाचाही समावेश केला.

एका डोळ्याने दिसेनासे झाल्याचा संशय आला, तर प्रथम भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत एकेक डोळा तळहाताने झाकावा. एका डोळ्याला तारखा दिसतात आणि दुसऱ्याला नुसता काळोख, धुके किंवा अर्धेच पान दिसते, असे आढळले तर घड्याळात पाहून वेळ कागदावर लिहून ठेवावी. शेवटचे नीट केव्हा दिसत होते, हा प्रश्न रुग्णालयात सर्वांत आधी विचारला जातो आणि उपचारांचे निर्णय त्या उत्तरावर अवलंबून असतात. रक्तावाचून दृष्टिपटल काही तासांतच कायमचे निकामी होऊ लागते.

त्यानंतर लगेच १०८ ला फोन करावा. स्कूटर स्वतः चालवत निघू नये, आणि चष्म्याच्या दुकानात तर मुळीच जाऊ नये. जिथे डोळ्यांचे, मेंदूचे आणि हृदयाचे डॉक्टर एकाच आवारात भेटतात असे रुग्णालय गाठावे. सरकारी व्यवस्थेत ते म्हणजे बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय. काणकोणहून किंवा सत्तरीच्या आतल्या गावांतून तिथे पोहोचायला बराच वेळ लागतो, म्हणून ‘थोडी वाट पाहू’ असे म्हणण्याला जागाच नाही. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत टाकावीत, दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड हाताशी असेल तर तेही घ्यावे, पण ते शोधत बसू नये. वाटेत कोणी सांगितले म्हणून अ‍ॅस्पिरिन किंवा रक्तदाबाची जादा गोळी घेऊ नये. मेंदूत रक्तस्राव नाही ना, हे स्कॅनमध्ये पाहिल्यावरच डॉक्टर तो निर्णय घेतात.

केसपेपर काढताना ‘डोळ्याला त्रास होतो’ एवढेच म्हटले तर रांगेत बसावे लागण्याची शक्यता असते. ‘अमुक वाजता, एका डोळ्याची दृष्टी, न दुखता, अचानक गेली’ असे स्पष्ट सांगावे. रुग्णाने पन्नाशी ओलांडली असेल आणि कानशिलाला ठणका, केस विंचरताना टाळूला दुखणे किंवा चावताना जबडा भरून येणे असे काही होत असेल, तर तेही न विचारता सांगावे. धमन्यांच्या सुजेचा एक वेगळा आजार यातून ओळखता येतो. त्यात स्टेरॉईड तातडीने सुरू केले नाही तर दुसरा डोळाही जाऊ शकतो.

काकांप्रमाणे दृष्टी परत आली, तरी त्याच दिवशी जायला हवे, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पक्षाघाताचा धोका पहिल्या काही दिवसांत आणि आठवड्यांतच सर्वाधिक असतो. मेंदूचा एमआरआय, मानेच्या धमन्यांचा डॉपलर, ईसीजी, हृदयाची इको आणि रक्तातील साखर व कोलेस्टेरॉल या तपासण्या झाल्या का, हे नातेवाइकांनी नम्रपणे पण नक्की विचारावे. साध्या ईसीजीत काही सापडले नाही, तर ठोक्यांची अनियमितता पकडण्यासाठी होल्टर नावाचे छोटे यंत्र २४ तास किंवा अधिक काळ छातीला लावतात. त्याच बाजूची कॅरोटिड सत्तर टक्क्यांहून अधिक चोंदलेली आढळली तर शस्त्रक्रियेचा विचार होतो, आणि ती शक्यतो दोन आठवड्यांच्या आत केल्यास लाभ अधिक असतो.

गेलेली दृष्टी हमखास परत आणणारा उपचार आज उपलब्ध नाही, हे कटू असले तरी रुग्णापासून लपवू नये. मात्र गुठळी रोखणाऱ्या आणि कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या ज्या गोळ्या लिहून दिल्या जातात, त्या उरलेल्या डोळ्यासाठी, मेंदूसाठी आणि हृदयासाठी असतात. ‘डोळा तर गेलाच’ म्हणून त्या सोडू नयेत. विडी-सिगारेट त्याच दिवसापासून बंद करावी. नेत्रविभागाच्या पुढच्या तारखाही चुकवू नयेत, कारण पहिल्या काही महिन्यांत त्या डोळ्यात नव्या, नाजूक रक्तवाहिन्या उगवून आतला दाब वाढू शकतो, आणि तोवर न दुखलेला डोळा तेव्हा दुखू लागतो.