पीटर पायपरचा पेक खरोखर मोजायचा तर

‘पीटर पायपर पिक्ड अ पेक ऑफ पिकल्ड पेपर्स’ (पीटर पायपरने पेकभर मुरवलेल्या मिरच्या तोडल्या) ही जीभ अडखळवणारी इंग्रजी ओळ मुलांकडून भरभर म्हणवून घेतली की मी हमखास विचारते: पेक म्हणजे किती? ओळ सगळ्यांना पाठ असते, माप मात्र कुणालाच ठाऊक नसतं. ओळीत माप दिलंय, तर ते मोजून बघायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं. आकारमान शिकवायला याहून चांगला धडा मला मिळालेला नाही.

पेक हे वजन नव्हे. आपल्या पायलीसारखं ते भरून मोजायचं माप आहे. त्यामुळे तराजू आधी बाजूला ठेवा. बुशेल, गॅलन आणि क्वार्ट ही त्याच जातीची मापं: चार पेकचा एक बुशेल, आणि एका पेकमध्ये दोन गॅलन किंवा आठ क्वार्ट.

मग साल ठरवा. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण पेक एकच नाही. ब्रिटनमध्ये 1824 च्या कायद्याने इम्पीरियल गॅलन ठरला आणि त्या हिशेबाने पेक 9.09 लिटरचा झाला. पण ही ओळ लंडनमध्ये 1813 मध्येच छापली गेली होती. तेव्हा तिथे विंचेस्टर बुशेल चालायचा: सपाट तळाचं गोल भांडं, साडेअठरा इंच व्यासाचं आणि आठ इंच खोल. त्याचा चौथा हिस्सा 8.81 लिटर. अमेरिकेत आजही पेक एवढाच आहे. म्हणून मी पीटरला 8.81 लिटरच देते.

भांडं शोधताना आतून मापा. 25 सेंटिमीटर व्यास आणि 18 सेंटिमीटर खोली असलेलं उभ्या कडांचं भांडं जवळपास बरोबर पेकभर असतं. तसं नसेल तर कुठल्याही मोठ्या बादलीत 8.81 लिटर पाणी मोजून ओता, पातळीवर रेघ मारा, पाणी काढून बादली कोरडी करा. मापाचा जग क्वार्टचा असेल तर जपा. अमेरिकेत द्रवाचा क्वार्ट 0.946 लिटरचा, कोरड्या मालाचा 1.101 लिटरचा. द्रवाचे आठ क्वार्ट भरलेत तर सव्वा लिटर कमी पडेल.

आता मिरच्या. ओळीत त्या ‘पिकल्ड’ आहेत, म्हणजे आधीच मुरवलेल्या. चाळणीत नीट निथळू द्या, नाहीतर मिरच्यांऐवजी व्हिनेगर मोजलं जाईल. मुरलेली मिरची मऊ पडते, दबून बसते, त्यामुळे त्याच भांड्यात ताज्या मिरच्यांपेक्षा जास्त मावते. अख्ख्या मोठ्या मिरच्यांमध्ये पोकळ्या राहतात, बारीक कापलेल्यांत कमी. मी अख्ख्याच घेते, कारण चिरल्याचं ओळीत कुठे म्हटलेलं नाही. हाताने दाबायचं नाही, भांडं आपटायचं नाही, उंचावरून ओतायचं नाही. या तिन्ही गोष्टींनी माप बदलतं, आणि धान्याच्या बाजारात जुन्या काळी यावरून खरोखर भांडणं होत.

शीग, म्हणजे काठाच्या वर येणारा ढीग, लावायची की नाही? धान्य काठाला सपाट पट्टी फिरवून मोजत, फळं-बटाट्यांसारखा ओबडधोबड माल शीग लावून. ब्रिटनमध्ये शिगेचं माप 1835 च्या कायद्याने बंद झालं, म्हणजे 1813 मध्ये ते चालू होतं. म्हणून मिरच्यांना शीग लावणंच मला योग्य वाटतं. बादलीवर रेघ मारली असेल तर शीग लावायला काठ नसतो. अशा वेळी रेघेपर्यंत सपाट भरा.

शेवटी हवं तर वजन करा. अमेरिकेत ताज्या ढोबळी मिरचीचा बुशेल साधारण 25 ते 30 पौंड भरतो, म्हणजे पेक तीन किलोच्या आसपास. मुरवलेल्यांचा आकडा याहून वर जाईल. वहीत नुसतं ‘एक पेक’ लिहू नका. कुठला पेक, सपाट की शिगेचा, मिरच्या अख्ख्या की चिरलेल्या आणि किती वेळ निथळल्या, हे सगळं आकड्याशेजारी लिहा, म्हणजे दुसऱ्या कुणालाही तोच पेक पुन्हा भरता येईल.