वापरलेल्या चामडी जॅकेटचा वास काढण्यापूर्वीची तयारी

दुसऱ्याच्या अंगावरून आलेल्या चामडी जॅकेटला वास येत असेल, तर पाण्याचा थेंबही लावण्यापूर्वी ते उलटे करावे आणि अस्तर नाकाजवळ धरावे. मागच्या खेपेला मी बाहेरचे चामडे पुसत राहिलो आणि अस्तराकडे पाहिलेही नाही. जॅकेट हँगरवर निर्दोष वाटे आणि अंगात घालून शरीराची ऊब लागली की तोच वास पुन्हा उठे. त्यामुळे या यादीत अस्तराचा उल्लेख वारंवार येईल. ज्यांना त्याचा कंटाळा येईल त्यांनी निदान दोन्ही काखा हुंगून मग पुढचे वाचावे.

याचे कारण साधे आहे. बहुतेक जॅकेटांच्या चामड्यावर बाहेरून रंगाचा आणि संरक्षक थराचा लेप असतो, त्यामुळे घाम किंवा धूर तिथे फार खोल जात नाही. आतल्या बाजूला मात्र कापडाचे अस्तर, कॉलरमधले बकरम (आकार टिकवणारे कडक कापड), खांद्याचे पॅड आणि चामड्याची लेप नसलेली, खरखरीत मागची बाजू असे चार शोषक थर असतात. काखा, मानेची मागची बाजू, मनगटाजवळचा बाहीचा भाग आणि खिसे ही चार ठिकाणे वेगवेगळी हुंगावीत. खिसे उलटे करून बाहेर काढावेत. खिशाची पिशवी अस्तराचाच भाग आहे आणि तंबाखूचा चुरा तिच्याच कोपऱ्यात साठतो. खिशाच्या तळाशी भोक असेल तर तो चुरा अस्तर आणि चामडे यांच्यामध्ये उतरलेला असतो, आणि बाहेरून कितीही पुसले तरी तो तिथेच राहतो.

वास कोणता आहे हे ठरवल्याशिवाय सामान गोळा करू नये, कारण एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. डांबरगोळ्यांचा वास असेल तर पाणी, साबण, व्हिनेगर सारे व्यर्थ आहे: नॅफ्थलीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण साध्या हवेत त्याची थेट वाफ होते, म्हणून त्याला वाहती हवा आणि भरपूर दिवस एवढेच लागते. सिगारेटचा वास चिकट असतो. धुरातल्या डांबराचा पातळ थर पृष्ठभागावर बसतो आणि निकोटीन अल्कधर्मी असल्यामुळे सौम्य आम्लाने ते पुसून काढणे सोपे जाते. कुबट वास म्हणजे बुरशी, आणि तिथे घाई करणे धोक्याचे आहे. पांढरी किंवा हिरवट भुकटी दिसत असेल तर जॅकेट घराबाहेर न्यावे, तोंडाला मास्क लावावा आणि मऊ ब्रशने ती झटकावी. घरात झटकल्यास बुरशीचे बीजाणू इतर कपड्यांवर जाऊन बसतात. घामाचा वास जवळजवळ नेहमीच अस्तरात असतो. अत्तराचा वास आला तर त्याच्याखाली यांपैकी काहीतरी दडलेले आहे असे समजावे, आणि त्यावर आपले अत्तर मुळीच फवारू नये.

यानंतर चामडे ओळखावे. कॉलरच्या खालच्या बाजूला किंवा आतल्या दुमडीवर पाण्याचा एक थेंब ठेवावा. तो मण्यासारखा उभा राहिला तर लेप शाबूत आहे आणि ओलसर कापडाने पुसणे चालेल. लगेच मुरून डाग काळसर झाला तर चामडे उघडे आहे आणि त्यावर कोणताही द्रव वापरणे म्हणजे डागाला निमंत्रण आहे. मखमलीसारखे सुएड असेल तर ब्रश आणि हवा यांच्यापलीकडे स्वतः काही करू नये. कृत्रिम चामडे पापुद्रे सोडू लागले असेल आणि वास त्या थरालाच येत असेल, तर श्रम वाचवावेत.

सामान फारसे लागत नाही. मऊ सुती कापडे पुष्कळ, तीही पांढरी, म्हणजे रंग सुटू लागल्यास लगेच दिसेल, मऊ ब्रश, सौम्य साबण, रुंद खांद्यांचा हँगर, साधे पांढरे व्हिनेगर, सक्रिय कोळसा किंवा खाण्याचा सोडा, आत भरायला न छापलेला कागद, कारण वर्तमानपत्राची शाई अस्तराला लागते. सोड्याबद्दल एक इशारा: तो चामड्यावर थेट भुरभुरावा असे अनेक जण सांगतात, पण तयार चामडे किंचित आम्लधर्मी असते, त्याचा पीएच साधारण 3.5 ते 5 च्या दरम्यान असतो, तर सोड्याचे द्रावण 8 च्या वर, म्हणजे अल्कधर्मी बाजूला, जाते. शिवाय शिवणींत अडकलेली ती भुकटी नंतर निघत नाही. सोडा सुती पुरचुंडीत बांधून ती खिशांत आणि बाह्यांत, म्हणजे पुन्हा अस्तराच्याच बाजूला, ठेवावी. पुरचुंड्या ठेवलेले जॅकेट मोठ्या बंद खोक्यात ठेवले तर कोळसा आणि सोडा खोलीभरच्या हवेऐवजी जॅकेटमधला वास शोषतात. मात्र जॅकेटमध्ये जराही ओल असताना खोके बंद करू नये.

आता अस्तर. सौम्य साबणाच्या पाण्यात कापड बुडवून ते घट्ट पिळावे, इतके की दाबल्यावर थेंब पडू नये, आणि काखेपासून सुरुवात करून अस्तर टिपत जावे. अस्तर भिजवायचे नाही, कारण त्याच्या मागे चामड्याची उघडी बाजू आहे, ती पाणी ओढून घेते आणि वाळताना आक्रसते. साबण पुसून काढायला दुसरे, केवळ पाण्याचे कापड घ्यावे. नाटकांच्या वेशभूषा विभागांत न धुता येणाऱ्या पोशाखांच्या आतून व्होडका फवारतात. अस्तरावर तिचा हलका फवारा चालतो, पण चामड्याचा रंग अल्कोहोलने सुटू शकतो, म्हणून फवारा बाहेर जाऊ देऊ नये. घामासाठी मिळणारी एन्झाइमची द्रावणे मला नकोत: त्यांतली काही प्रथिने तोडतात, आणि चामडे स्वतः प्रथिनच आहे. एवढे करूनही काखेतला वास राहिला तर तळाशी अस्तराची चार बोटे शिवण उसवावी, हात आत घालावा आणि खांद्याचे पॅड हुंगावेत. पॅडच वास मारत असतील तर ते काढून नवे घालणे हाच उपाय आहे. खिशाच्या पिशव्याही शिंप्याकडून बदलून घेता येतात, आणि शेवटी संपूर्ण अस्तरही. अनेकांना हा खर्च नको वाटतो आणि ते पुन्हा बाहेरचे चामडे घासू लागतात. त्याचा काही उपयोग नाही.

अस्तर झाल्यावरच बाहेरच्या बाजूकडे वळावे. व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात मिसळून, आधी दुमडीवर चाचणी घेऊन, लेपाचे चामडे हलक्या हाताने पुसावे व लगेच साध्या ओल्या कापडाने पुन्हा पुसावे. व्हिनेगरचा स्वतःचा वास हवेत उडून जातो, त्यामुळे घाबरून आणखी काही लावू नये.

वाळवणे सावलीत, वाहत्या हवेत. ऊन नाही, हेअर ड्रायर नाही, इस्त्री नाही; ओले चामडे उष्णतेने आकसले की ते पूर्ववत होत नाही. मध्येच जॅकेट उलटे करून अस्तरालाही हवा द्यावी, कारण अस्तर शेवटी वाळते आणि तिथेच कुबटपणा परत येतो. फ्रीझरमध्ये ठेवण्याचा सल्ला सोडून द्यावा. थंडीने जिवाणू आणि बुरशी बहुतांशी नुसत्या थांबतात. वास घालवायला वापरली जाणारी ओझोन वायूची यंत्रे फुप्फुसांना आणि चामड्यालाही घातक आहेत.

चामड्याचे क्रीम वास पूर्ण गेल्यावरच, तेही थोडे. स्वयंपाकाचे तेल लावू नये, ते खवट होते. ठेवताना प्लास्टिकचे आवरण नको, सुती चालेल. कपाटातली आर्द्रता 60 टक्क्यांच्या आत असावी. डांबरगोळ्या ठेवू नयेत.