टॅप न मारता एम ८चे आटे: घरच्या सीएनसीवर

ॲल्युमिनियमच्या प्लेटमध्ये टॅप (भोकात आटे पाडणारं हत्यार) मोडतो तेव्हा आवाज फारसा होत नाही. नुसतं ‘टक्’. माझा एम ६चा (६ मिमीच्या बोल्टसाठीचा) टॅप असा मोडला, तेव्हा प्लेटवरचं बाकीचं सगळं काम उरकलेलं होतं. कडक पोलादाचा तुकडा आत रुतलेला, त्यावर ड्रिल घसरतंय, आणि प्लेट भंगारात. त्यानंतर एम ८ आणि त्याहून मोठे आटे मी कटर फिरवूनच पाडायला लागलो.

कारखान्यातल्या मोठ्या मशीनवर टॅप मशीनच मारतं. स्पिंडलचा (हत्यार फिरवणाऱ्या दांड्याचा) एक फेरा आणि एका पिचइतकी (शेजारच्या दोन आट्यांमधल्या अंतराइतकी) चाल यांचा मेळ तिथला कंट्रोलर राखतो. आपल्या घरच्या सीएनसीवरच्या (संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या मशीनवरच्या) राउटर स्पिंडलला बहुतेक वेळा एन्कोडरच (फिरणं मोजणारा सेन्सर) नसतो आणि कमी वेगाला त्यात दमही नसतो. म्हणून वेगळी वाट: आट्याच्या आकाराचे दात असलेलं बारीक कटर, म्हणजे थ्रेड मिल, भोकात उतरवायचं आणि गोल फिरवत वर आणायचं. एका गोलात झेड (वर-खाली सरकणारा अक्ष) एक पिच चढला की झालं. स्पिंडल किती वेगाने फिरतोय याचा पिचशी संबंध उरत नाही. शिवाय कटर भोकापेक्षा लहान असल्यामुळे मोडलं तरी अडकून बसत नाही, बाहेर काढता येतं.

उदाहरण घेऊ: १० मिमी जाडीची प्लेट, आरपार भोक, एम ८, पिच १.२५.

कटर घेताना एकाच ओळीत दात असलेलं, ६० अंशांचं घ्या. अनेक ओळींचं कटर एकाच पिचला चालतं. एका ओळीचं कटर एम ८ला चालतं तसं एम १०लाही. माझं ४.८ मिमीचं आहे, चार दातांचं. पाकिटावरच्या मापावर विसंबू नका, कॅलिपर लावा. दातांच्या वरची बारीक मान किमान १४ मिमी हवी, नाहीतर शँक (कटरचा वरचा जाड दांडा) प्लेटला घासेल.

भोक ६.८ मिमीचं करा. राउटर स्पिंडलच्या वेगाला ६.८चं ड्रिल किंचाळतं, म्हणून मी ४ मिमीची एंड मिल (बाजूनेही कापणारं कटर) गोल फिरवत उतरवतो. प्लेट वाइसमध्ये पॅरलल्सवर (सारख्या उंचीच्या पट्ट्यांवर) अशी बांधा, की भोकाखाली किमान ३ मिमी मोकळी जागा राहील. का, ते पुढे येईलच.

आता गणित, तेही वजाबाकीचंच. आट्याचा व्यास ८, कटरचा ४.८, फरक ३.२, त्याचा निम्मा १.६. कटरचं केंद्र भोकाच्या केंद्राभोवती १.६ मिमी त्रिज्येने फिरेल. भोकाचं केंद्र एक्स शून्य, वाय शून्य. प्लेटचा वरचा पृष्ठभाग झेड शून्य. जी९० म्हणजे मापं शून्यापासून, जी९१ म्हणजे कटर आहे तिथून. जी० झपाट्याने सरकायला, जी१ सरळ कापायला, जी३ गोल फिरायला. एम३ने स्पिंडल सुरू होतो, एस त्याचे मिनिटाचे फेरे, आय-जे गोलाचं केंद्र. मग प्रोग्रॅम असा (मशीनला अक्षरं अर्थातच रोमन द्यायची):

जी९० जी० एक्स० वाय०
एम३ एस८०००
जी० झेड-१२.५
जी९१ जी१ एक्स१.६ एफ१००
जी३ एक्स० वाय० आय-१.६ जे० झेड१.२५
(वरची जी३ची ओळ एकूण ११ वेळा)
जी१ एक्स-१.६
जी९० जी० झेड५

सुरुवात उणे १२.५वर आहे, म्हणजे दात प्लेटच्या खाली, हवेत. मघाची मोकळी जागा यासाठीच. बाजूला सरकताना कटर धातूला लागत नाही, त्यामुळे आट्यावर खाच पडत नाही. जी३ने कटर घड्याळाच्या उलट दिशेने फिरत वर चढतं. उजव्या आट्याला हेच लागतं, आणि कापही क्लाइम्बचा (किस जाड सुरू होऊन बारीक संपतो तो), स्वच्छ येतो. शेवटून दुसरी ओळ मात्र कधीही गाळू नका. कटर केंद्रात न आणता वर उचललं आणि दात आत असतील, तर नुकते पाडलेले आटे तेच खरवडून काढेल. आर्कचं केंद्र सापेक्ष मोडमध्ये आहे ना, म्हणजे जी९१.१, तेही तपासा. नाहीतर मशीन भलतंच वर्तुळ काढेल.

एफबद्दल एक गोष्ट सहज निसटते. एफ हा कटरच्या केंद्राचा वेग, मिनिटाला मिमीमध्ये. कापणारी कड ४ मिमी त्रिज्येवर, केंद्र १.६वर, म्हणजे कड अडीचपट वेगाने धावते. एफ १०० लिहिलं की कडेला २५० मिळतात. पहिल्यांदा एवढंच पुरे. नंतर १९०पर्यंत न्या.

एका दमात पूर्ण खोली घेऊ नका. ६.८च्या भोकात हे कटर भिंतीला टेकतं तेच १.० त्रिज्येला. म्हणून तीन फेऱ्या: १.२५, १.४५, १.६. दर वेळी जी१च्या दोन्ही ओळींतला एक्स आणि जी३मधला आय बदला. आयमधलं उणे चिन्ह विसरू नका. सुरुवातीचा झेड आणि सुरुवातीची दिशा मात्र तीच ठेवा, नाहीतर दुसरी फेरी पहिलीचे आटे तिरके कापेल. हाताने टॅप मारताना घासलेट चालतं, पण ८००० आरपीएमला त्याचा फवारा उडतो आणि पेटू शकतो. इथे कटिंग ऑइलचे दोन थेंब पुरे. पहिली फेरी झेड २० मिमी वर घेऊन हवेत चालवून पाहा. चष्मा आधी.

१.६ला बोल्ट बहुधा जाणार नाही. घाबरू नका. एम ८च्या आट्याच्या तळाला सपाट पट्टी असते, आपल्या कटरची टोकं अणकुचीदार. म्हणून ते थोडं अधिक आत जायलाच हवं. हिशेबाने त्रिज्या १.७३पर्यंत जाऊ शकते. प्लेट न सोडता, शून्य न हलवता, ०.०२ ने वाढवत जा, दर वेळी ब्रशने किस झाडून बोल्ट घालून पाहा. बोल्ट बोटांनी सरळ आत गेला, पण खुळखुळला नाही, की थांबा. तो आकडा मी कटरच्या डबीवर मार्करने लिहून ठेवतो. कटर झिजलं की तोच पुन्हा थोडा वाढवावा लागतो.

बोल्ट एका बाजूला घट्ट आणि दुसरीकडे सैल लागला तर आधी एक्स-वायचा बॅकलॅश (दिशा बदलताना जाणवणारी ढिलाई) तपासा. गोलाई बिघडली की आट्यातच दिसते. आणि एम ४, एम ३च्या भोकांसाठी मी अजूनही हातानेच टॅप मारतो. टॅप कोलेटमध्ये (स्पिंडलच्या पकडीत), स्पिंडलची वीज काढलेली, झेडची मोटर सैल, आणि हाताने अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे.