विकास आराखडा गल्लीत कसा आणायचा

मी तीस वर्षं आर्किटेक्टच्या ऑफिसात ट्रेसिंग केलं, त्यामुळे नकाशा बघून मला घाम फुटत नाही. बाकीच्यांना फुटतो, हे कळलं 2022 च्या ऑगस्टमध्ये. नवी मुंबई महापालिका 1992 सालची, आणि तिचा पहिला प्रारूप, म्हणजे कच्चा, विकास आराखडा तेव्हा जाहीर झाला. पुढच्या वीस वर्षांचं शहर, म्हणजे कुठली जागा कशासाठी ते, त्यात होतं. आमच्या कोपरखैरण्यातल्या ग्रुपवर पीडीएफ आली, खाली तीन अंगठे पडले, आणि लगेच कुणीतरी शुभ सकाळ टाकलं. अंगठा हरकत म्हणून धरत नाहीत.

तुमच्या शहराचा आराखडा येणार असेल तर आधी दिवस मोजा. नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 26 प्रमाणे प्रारूप जाहीर झालं की हरकती-सूचनांना 30 दिवस. मुदतवाढ मिळते कधीकधी, पण तिच्या भरवशावर राहू नका. खरं तर आराखडा करण्याचा इरादा जाहीर होतो तेव्हाच लोकांना गोळा करायला लागावं. प्रारूप हातात येईपर्यंत बरंच ठरलेलं असतं.

अख्खा नकाशा कुणाला दाखवू नका. आपले तीन-चार सेक्टर तेवढे मोठे, रंगीत छापून घ्या. मग पेन्सिलीनं त्यावर पिठाची गिरणी, मासळीवाल्या बसतात तो कोपरा, शाळेचं मागचं गेट लिहा. भूखंड क्रमांक कुणाला ओळखू येत नाही, गिरणी सगळ्यांना येते. गिरणी सापडली की माणूस आपोआप बोटानं स्वतःच्या घरापर्यंत जातो. ते बोट घरावर टेकलं की तो आता हलत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

कुठे लावायचा? आम्ही पहिली सभा रविवारी अकराला सोसायटीच्या ऑफिसात घेतली. आले नऊ जण, त्यातले पाच कमिटीचेच. चूक माझीच. समोरच्या गल्लीतले माथाडी पहाटे तीनला मार्केटला जातात, दुपारी झोपतात; बायकांचं रविवारी अकराला काय चाललेलं असतं ते सांगायला नको. त्या वर्षी गणपती 31 ऑगस्टला बसले. नकाशा मंडपाच्या बाजूला, चपला काढतात तिथे लावला. आरतीच्या आधी पंधरा मिनिटं लोक नुसते उभे असतातच.

प्रश्न विचारताना जपून. ‘तुम्हाला काय हवंय?’ विचारलं की शंभरातले नव्वद ‘पार्किंग’ म्हणतात आणि चर्चा तिथेच संपते. मी विचारायचे, ‘काल संध्याकाळी सहाला कुठे होतात?’ आणि हातात टिकल्यांचं पाकीट द्यायचे. पावसात पाणी साचतं तिथे लाल, मुलं खेळतात किंवा म्हातारे बसतात तिथे हिरवी, रस्ता ओलांडायची भीती वाटते तिथे काळी. तिसऱ्या दिवशी एका रिकाम्या भूखंडावर हिरव्या टिकल्यांचा थर झाला. सगळे त्याला मैदान म्हणायचे. नकाशात त्याचा रंग पिवळा, म्हणजे रहिवासी. आपल्याकडे असे बरेच भूखंड सिडकोच्या, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या मालकीचे, आणि सिडको भूखंड निविदा काढून विकते. तेव्हा रंगाबरोबर मालकीही तपासा.

वीस वर्षांनंतरचं विचारलं तर लोक हसतात. आधी वीस वर्षांपूर्वीचं विचारा. इथे किती स्कूटर होत्या? घरं किती मजली होती? बैठी घरं तीन मजली झाली, गल्लीची रुंदी तीच राहिली, हे त्यांचं त्यांनाच बोलता बोलता दिसतं. मग पुढचा हिशेब तेच मांडतात.

गावठाणातल्या एक आजी नातीबरोबर आल्या होत्या. त्यांनी टिकली लावलीच नाही. आमच्या लाल टिकल्यांच्या रांगेवर बोट फिरवून म्हणाल्या, इथून बांध होता आणि या टोकाला उघाडी. म्हणजे खाडीच्या भरतीला बंद करायचं जुनं दार! आम्ही ज्या गल्लीला ‘ड्रेनेजचा प्रॉब्लेम’ म्हणत होतो तिथून पाणी जायची जुनीच वाट होती. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली, म्हणून तर भरतीच्या वेळी पावसाचं पाणी थोपवायला धारण तलाव ठेवलेत. अशी आजी तुमच्याकडेही असेल. तिला मंडपात बोलवू नका, नकाशा घेऊन तिच्या ओट्यावर जा.

आता लिहायचं काम. एकच मजकूर छापून दोनशे सह्या घेण्याचा मोह होतो. आम्हीही केलं आणि सुनावणीला सगळे अर्ज मिळून एकच मुद्दा भरला. त्यापेक्षा एका अर्जात एकच मुद्दा: नकाशाचा शीट क्रमांक, सेक्टर, भूखंड किंवा आरक्षण (म्हणजे शाळा-मैदानासारख्या कामासाठी राखलेली जागा) क्रमांक, आज तिथे काय आहे, आराखड्यात काय दाखवलंय, त्याऐवजी काय हवं आणि का. तारीख दिसेल असा फोटो जोडा. ‘आमच्यावर अन्याय झाला आहे’ यानं सुरुवात करू नका. वाचणारा तिथेच पान उलटतो. दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का घ्या.

सुनावणी नियोजन समितीपुढे होते. मिनिटं मोजकी मिळतात, म्हणून बोलणारा एक आणि नकाशा धरणारे दोन. आम्ही टिकल्यांचाच नकाशा नेला. समितीतले एक गृहस्थ चष्मा वर करून पुढे वाकले, तेवढं मला पुरलं.

पुढे मंजुरी शासनाची. मोठे बदल झाले तर त्यावर पुन्हा हरकती मागवतात, म्हणून राजपत्राकडे लक्ष ठेवा. आणि मैदानाचं आरक्षण मिळालं म्हणून झोपू नका. 10 वर्षांत जागा ताब्यात आली नाही तर कलम 127 खाली जमीनमालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली गेली नाहीत तर आरक्षण उडतं. त्यामुळे पोचीची झेरॉक्स दोन घरांत ठेवा, सेक्रेटरी बदलला की फाइल हरवते.

टिकल्या घेताना लाल रंगाची जास्त पाकिटं घ्या. आमच्या दुसऱ्याच दिवशी संपल्या, मग शेजारणीनं स्वतःच्या ड्रॉवरमधल्या मरून आणून दिल्या.